मावशीचं फुफ्फुस चालेल का?

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका गटाची बैठक नेहमीसारखी चालली होती. बचत जमा झाली, दोघींचे हप्ते आले, एकीचा थकला, त्यावरून थोडी बाचाबाची झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या. चहा होऊन बायका उठल्या, तरी एक ताई काही उठेनात. सगळ्या गेल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, माणसाचं फुफ्फुस काढून दुसऱ्याला देतात का हो? जिवंतपणी?"

त्यांच्या बहिणीची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला दम लागतो. आधी जिना चढताना लागायचा, मग भाकरी थापताना, आता नुसतं बोलताना. डॉक्टरांनी सांगितलंय की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, पुढेमागे बदलावी लागतील. घरात ऑक्सिजनचं मशीन आलंय. त्यात कुणीतरी मोबाइलवर पाहिलं की परदेशात जिवंत माणसाच्या फुफ्फुसाचा तुकडा काढूनसुद्धा बसवतात. मुलीच्या आईला साखर आहे, वडील नाहीत. रक्तगट जुळतो तो मावशीचा. तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं ताईंकडे बघत बघत होतं.

ताईंचे प्रश्न दोन होते. दिलं तर मला पुन्हा रानात काम होईल का? आणि नाही म्हटलं तर मी कोण ठरेन?

आम्हाला दोन्हींची उत्तरं येत नव्हती. आमचं बी.ए. इतिहासात झालेलं, डॉक्टरकीशी संबंध नाही. म्हणून आम्ही आमच्या सवयीप्रमाणे मागून सुरुवात केली. हे देणं-घेणं कधी सुरू झालं, पहिल्यांदा कुणी दिलं, आणि देताना त्या माणसाला कुणी नीट विचारलं का. वाचलं, जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरबाईंना भेटून खात्री करून घेतली. जे कळलं ते आज सांगतो. फुफ्फुसापर्यंत यायला मात्र मूत्रपिंडाच्या वाटेनं यावं लागेल, कारण जिवंत माणसानं देण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

साल १९५४. अमेरिकेतलं बोस्टन शहर. रिचर्ड हेरिक नावाचा २३ वर्षांचा तरुण दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला टेकला होता. त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड, दिसायला हुबेहूब. तोपर्यंत एकाचा अवयव दुसऱ्यात बसवण्याचे जे प्रयत्न झाले ते फसले होते, कारण शरीर परक्या मांसाला टिकू देत नाही. परक्या घरातलं वासरू गाय जवळ करत नाही, तसंच. पण एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचं शरीर एकमेकांना परकं मानणार नाही, असा डॉक्टरांचा अंदाज होता. खात्रीसाठी त्यांनी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. दोघांच्या बोटांचे ठसे पोलीस चौकीत नेऊन ताडून पाहिले.

आता यात अडचण काय होती ते बघा. रिचर्ड आजारी होता, त्याला चिरणं समजू शकतो. रोनाल्ड तर ठणठणीत होता. वैद्यकाच्या सगळ्या इतिहासात डॉक्टरनं हत्यार उचललं ते आजाऱ्याला बरं करायला. धडधाकट माणसाचं पोट त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्याशिवाय फाडायचं, हे त्या डॉक्टरांनाही खुपत होतं. त्यांनी बाहेरच्या डॉक्टरांशी, धर्मगुरूंशी, वकिलांशी चर्चा केल्या. घरच्यांनी विचारलं, पुढे आयुष्यभर रोनाल्डच्या तब्येतीची जबाबदारी हॉस्पिटल घेईल का? डॉ. हॅरिसन नाही म्हणाले. आणि लगेच त्यांनी रोनाल्डलाच उलट विचारलं, तुला मदत लागली तर या खोलीतलं कुणी तुला नाही म्हणेल असं तुला वाटतं का? आम्हाला हे उत्तर प्रामाणिक वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. चांगुलपणाच्या भरवशावर आपणही पुष्कळ काही देऊन बसतो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली की तू इथून निघून घरी जा. भावानं उलट चिठ्ठी पाठवली की मी आलोय आणि मी थांबणार आहे. २३ डिसेंबर १९५४ ला डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ऑपरेशन केलं. रिचर्ड बरा झाला, त्याला सांभाळणाऱ्या नर्सशीच त्यानं लग्न केलं, दोन मुली झाल्या, आणि तो आणखी आठ वर्षं जगला. देणारा रोनाल्ड शिक्षक झाला, गणित शिकवलं, शेतीही केली. २०१० साली ७९ व्या वर्षी तो गेला. ताईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "शेती म्हणजे अंगमेहनतीची की बसून?" ते काही आम्हाला सापडलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच हॉस्पिटलात दोन जुळ्या बहिणी आल्या. एडिथ आजारी, वांडा धडधाकट. वांडानं मूत्रपिंड दिलं. १९५८ साली एडिथला मुलगा झाला. दुसऱ्याचा अवयव घेऊन जगणाऱ्या बाईला मूल होण्याची ही जगातली पहिली वेळ. एडिथ २०११ पर्यंत जगली, म्हणजे बहिणीनं दिलेल्या मूत्रपिंडानंतर चौपन्न-पंचावन्न वर्षं. आम्ही पुस्तकं चाळली तेव्हा हेरिक भावांचं नाव जिथेतिथे दिसलं, या दोघी बहिणींचं मात्र शोधावं लागलं. असो.

१९५७ साली एक वेगळाच पेच आला. एकोणीस वर्षांचे जुळे भाऊ, आणि त्या राज्यात तेव्हा एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान होई. मग भाऊ 'हो' म्हणतोय त्या 'हो'ला अर्थ आहे का? प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष घेतली आणि परवानगी दिली. कारण असं दिलं की, भाऊ मेला तर या मुलाच्या मनाला जन्माची इजा होईल, म्हणून अवयव देण्यात त्याचंही हित आहे. वाचताना बरं वाटतं. पण हाच मुद्दा थोडा वाकवला तर कुठल्याही आईला, बहिणीला, बायकोला सांगता येईल की देण्यातच तुझं हित आहे. म्हणून देणाऱ्याला वेगळं बसवून, एकटं असताना विचारायची पद्धत पुढे हळूहळू रुजली.

आता फुफ्फुस. मूत्रपिंड शरीराच्या आत बंद असतं. फुफ्फुसाचं तोंड थेट बाहेरच्या हवेला उघडं. धूळ, धूर, जंतू, सगळं रोज आत जातं. म्हणून ते बसवणंही अवघड आणि टिकवणंही.

पहिला प्रयत्न ११ जून १९६३ ला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरात झाला. डॉ. जेम्स हार्डी यांनी नुकत्याच मेलेल्या एका माणसाचं फुफ्फुस काढून ५८ वर्षांच्या एका रुग्णाला बसवलं. तो रुग्ण कोण? खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा कैदी. त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर होता, मूत्रपिंडंही बिघडलेली. त्यानं संमती दिली. तसं वचन कुणी दिलं नव्हतं, पण तुरुंगाचे अधिकारी आपल्याकडे नरमाईनं बघतील ही आशा त्यामागे होती. बेडीतल्या माणसाची 'हो' किती मोकळी असते, हा प्रश्न तेव्हापासून या इतिहासाला चिकटलेला आहे. तो अठरा दिवस जगला. फुफ्फुस चाललं, मूत्रपिंडांनी दगा दिला.

पुढची वीस वर्षं नुसती हार. जगभरात चाळीसेक प्रयत्न झाले, बहुतेक रुग्ण दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. एकच जरा लांब टिकला. १९६८ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात डॉ. देरोम यांनी २३ वर्षांच्या एका तरुणाला फुफ्फुस बसवलं, तो दहा महिने जगला. त्याचा आजार सिलिकोसिस, म्हणजे दगडाची बारीक भुकटी छातीत जाऊन होणारा. आपल्या भागात खडी क्रशरवर जाणाऱ्या बायका ऐकत असतील तर त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. तोंडाला नुसता पदर बांधून ही भुकटी अडत नाही.

हार कशामुळे होत होती? दोन कारणं. एक, शरीराचा नकार. दुसरं कारण आपल्यासारख्या शिवणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल: टाका उसवत होता. नवीन फुफ्फुसाची श्वासनळी जुन्या नळीला जिथे जोडायची, तो जोड भरूनच येईना. नकार दाबायला जी औषधं देत, त्यांनीच जखम भरणं मंदावे. शिवण उसवली की हवा गळे, जंतू शिरत, माणूस जाई.

नकाराचं औषध सापडलं ते मातीत. १९६९ साली नॉर्वेच्या एका पठारावरून कुणीतरी मातीचा नमुना आणला होता. त्यातल्या बुरशीतून स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सायक्लोस्पोरिन नावाचं औषध निघालं. शरीराचा परक्याविषयीचा राग ते आवरून धरतं, आणि जखम भरण्याच्या आड आधीच्या औषधांइतकं येत नाही. शिवणीचा उपाय कॅनडातल्या टोरांटो शहरात डॉ. जोएल कूपर यांच्या तुकडीनं काढला. आपल्या पोटात आतड्यांवर चरबीचा एक पातळ पदर असतो, त्यात रक्तवाहिन्या भरपूर. तो पदर वर ओढून त्यांनी श्वासनळीच्या जोडाभोवती गुंडाळला. जुन्या गोधडीला वरून ठिगळ लावावं तसं. ठिगळातून रक्त मिळालं आणि जोड भरून आला.

७ नोव्हेंबर १९८३ ला टॉम हॉल नावाच्या ५८ वर्षांच्या गृहस्थांवर हे ऑपरेशन झालं. त्यांचा आजार आपल्या ताईंच्या भाचीसारखाच, फुफ्फुसं कडक होण्याचा. आधीचे सगळे प्रयत्न फसलेत हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, तरी ते तयार झाले. ते सहा वर्षांहून जास्त जगले, चालले-फिरले. १९८६ मध्ये टोरांटोतच एका बाईला दोन्ही फुफ्फुसं बसवली, ती पुढे पंधरा वर्षं जगली.

इथवर देणारा मेलेला होता. आणि इथेच नवी टंचाई उभी राहिली. अपघातात वा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदू मेला, पण यंत्रावर हृदय चालू आहे, अशा माणसाचं फुफ्फुस बहुतेक वेळा घ्यावं लागतं. त्यातलीही बरीचशी तोवर पाण्यानं वा जंतूंनी खराब झालेली असतात. लहान मुलांच्या मापाची तर मिळतच नसत. यादीत नाव घालून मुलं वाट पाहत मरत होती.

मग ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. व्हॉन स्टार्न्स यांनी एका जिवंत बाईच्या फुफ्फुसाचा एक खंड काढला आणि बारा वर्षांच्या मुलीला बसवला. ती बाई त्या मुलीची आई होती. जिवंतपणी फुफ्फुस देणारं जगातलं पहिलं माणूस म्हणजे एक आई. त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोत एका आईनं आपल्या तान्ह्या मुलीला यकृताचा तुकडा दिला होता. त्या डॉक्टरांनी मात्र ऑपरेशनच्या आधी, हे करणं योग्य की अयोग्य याची चर्चा वैद्यकीय मासिकात उघडपणे छापली होती. ही रीत आम्हाला आवडली.

आता जरा छातीत डोकावू. उजव्या फुफ्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. लहान मुलाला मोठ्या माणसाचा एक खंड पुरू शकतो. मोठ्या माणसाला एक पुरत नाही. म्हणून १९९३ पासून स्टार्न्स यांनी दोन देणाऱ्यांची पद्धत सुरू केली. एकाचा उजवीकडचा खालचा खंड, दुसऱ्याचा डावीकडचा खालचा. रुग्णाची दोन्ही खराब फुफ्फुसं काढायची आणि त्या जागी हे दोन खंड बसवायचे. बहुतेक वेळा आई एक देई, बाप एक. म्हणजे एकाच घरातली तीन माणसं एकाच दिवशी तीन टेबलांवर. बाहेर बाकड्यावर कोण बसत असेल, कुणास ठाऊक.

यकृताचा तुकडा दिला तर उरलेलं यकृत काही आठवड्यांत वाढून बरोबरीला येतं. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाचं तसं नाही. गेलेला खंड परत येत नाही. अमेरिकेतल्या त्या केंद्रानं अडीचशेहून जास्त देणाऱ्यांचा हिशेब मांडला. त्यात कुणी दगावलं नाही, पण साधारण पाचातल्या एकाला काही ना काही त्रास झाला. कुणाला पुन्हा नळी घालावी लागली, कुणाला हवा गळत राहिली, कुणाच्या हृदयाचे ठोके बिघडले. श्वासाची ताकद सरासरी पंधरा-सतरा टक्क्यांनी कायमची कमी झाली. रोजचं जगणं बहुतेकांचं सुरळीत चाललं. पण डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईवर हा हिशेब तिथे कुणी केलेला नाही.

अमेरिकेत ही पद्धत जवळजवळ थांबली. मे २००५ मध्ये तिथे फुफ्फुसवाटपाचा नियम बदलला. आधी जो यादीत पहिला आला त्याला पहिलं मिळे, आता ज्याची निकड जास्त त्याला आधी मिळू लागलं. त्यामुळे जिवंत माणसाकडे हात पसरायची वेळ क्वचितच आली. कापाकापीच्या शोधांइतकाच हा रांगेचा बदल मोठा होता, असं आम्हाला वाटतं. रेशनच्या रांगेत आयुष्य काढलेल्या आपल्या बायकांना ते पटेल.

जपानमध्ये गोष्ट उलटी घडली. तिथे १९६८ साली साप्पोरो शहरात डॉ. वाडा यांनी हृदय बसवलं, रुग्ण ८३ दिवसांनी गेला. मग संशय उठला की देणारा खरंच मेलेला होता का, आणि घेणाऱ्याला खरंच गरज होती का. खटला उभा राहिला नाही, पण लोकांच्या मनातून विश्वास गेला तो गेलाच. मेंदूमृत माणसाचे अवयव घेण्याचा कायदा तिथे १९९७ मध्ये आला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं गेली. आणि तोही इतका कडक की आयुष्यात स्वतः लिहून ठेवलं असेल तरच अवयव घेता येत. कायदा झाला तरी देणारे मिळेनात.

त्यामुळे जपानमधलं पहिलं फुफ्फुस-प्रत्यारोपण जिवंत माणसांकडूनच झालं. ऑक्टोबर १९९८, ओकायामा विद्यापीठाचं हॉस्पिटल, डॉ. हिरोशी दाते. रुग्ण चोवीस वर्षांची मुलगी, श्वासाच्या यंत्रावर असलेली. एक खंड आईनं दिला, एक बहिणीनं. ती जगली. पुढे २०१० मध्ये कायदा सैल झाला, मृताची इच्छा माहीत नसेल तर घरच्यांच्या संमतीनं अवयव घेता येऊ लागले. तरीही रांग लांबच राहिली, आणि दाते यांनी हे काम पुढे क्योतो शहरात चालू ठेवलं.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाचा काळ होता, क्योतोच्या त्या हॉस्पिटलात एक बाई होती. कोरोनानं तिची दोन्ही फुफ्फुसं कामातून गेली होती. सुमारे अकरा तास ऑपरेशन चाललं. कोरोनाच्या रुग्णाला जिवंत माणसांचं फुफ्फुस बसवण्याची ही जगातली पहिली वेळ होती. खंड कुणी दिले? एक नवऱ्यानं आणि एक मुलानं.

हे वाक्य आम्ही ताईंना वाचून दाखवलं तेव्हा शेजारी बसलेल्या आणखी दोघी-तिघी होत्या. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "बाईसाठी नवरा न् पोरगा? दोघंबी?" आणि सगळ्या हसल्या. ते हसू काही मजेचं नव्हतं.

का नव्हतं ते आकड्यांत बघा. आपल्या देशात १९९५ ते २०२१ या काळात नोंदलेल्या सुमारे साडेछत्तीस हजार प्रत्यारोपणांत एकोणतीस हजारांहून जास्त पुरुषांना अवयव मिळाले. म्हणजे पाचात चार. आणि २०१९ च्या नोंदींत जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत ऐंशी टक्के बायका होत्या, बहुतेक आया आणि बायका. बायकोनं नवऱ्याला मूत्रपिंड दिलं तर ते प्रेम, यात शंका नाही. पण नवऱ्यालाही बायकोवर प्रेम असतंच की. मग आकडा असा कलता का? तो कमावता आहे, त्याला विश्रांती परवडत नाही, असं सांगतात. आमच्या गटातल्या बायकांची खुरपणी, दूध, शिलाई आणि हप्ते कुठल्या खात्यात धरायचे?

आपल्याकडे या सगळ्याचा कायदा १९९४ चा. त्याआधी मुंबई आणि मद्रासमध्ये गरिबांची मूत्रपिंडं विकत घेण्याचा धंदा राजरोस चालत होता. तो रोखायला केंद्राचा कायदा हवा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधानसभांनी आधी केला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला. विक्री गुन्हा ठरली. अठरा वर्षांखालच्या मुलाचा अवयव, अगदी अपवाद सोडता, जिवंतपणी घेता येत नाही. आणि 'जवळचे नातेवाईक' कोण हे ठरवून दिलं: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली.

नीट ऐका. या यादीत सून नाही. सासू नाही, जाऊ नाही, नणंद नाही, भावजय नाही. मावशीही नाही. यांच्यापैकी कुणी द्यायचं म्हटलं तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. समिती देणाऱ्याची मुलाखत घेते, पैशाचा व्यवहार किंवा दबाव नाही ना हे तपासते, नाही वाटलं तर नाकारते. तेव्हा सासऱ्याला मूत्रपिंड हवंय आणि सून आहेच, असं उद्या कुठल्या घरात ठरलं, तर ते घरात ठरून भागत नाही.

आणखी एक कलम २०१४ च्या नियमांत आहे, ते आम्ही दोनदा वाचलं. देणारी स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी. सरकारी नियमात स्त्रीसाठी वेगळं वाक्य घालावं लागलं, म्हणजे कुणीतरी आत बसून हे पाहिलेलं असणार. दिलेली संमती ऑपरेशनच्या आधी कधीही मागे घेता येते. अगदी टेबलावर नेईपर्यंत.

आणि एक रीत कुठल्याही कायद्यात नाही, पण परदेशातल्या बऱ्याच हॉस्पिटलांत आहे. देणारं माणूस डॉक्टरांना एकांतात म्हणालं की मला द्यायचं नाही, तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की तपासण्यांत ही व्यक्ती देण्यायोग्य ठरली नाही. कारण सांगत नाहीत. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा ताई पटकन म्हणाल्या, "एवढं कुणी माझ्यासाठी बोललं तर मी सुटले." मग गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण पोरगी नाही ना सुटत."

तेच तर आहे. आम्हालाही यावर काही सुचलं नाही.

डॉक्टरबाईंनी मग प्रत्यक्षातलं सांगितलं. आपल्याकडे फुफ्फुसं बसवतात ती जवळजवळ सगळी मेंदूमृत दात्यांची. मोठ्या मुलीला एका मावशीचा एक खंड पुरणारही नाही, दोन देणारे लागतील. मुलीचं नाव प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत यादीत घालायचं. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत, मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप तिथून होतं. दलाल कुणी भेटला तर उठून यायचं. ऑपरेशन झालं तरी औषधं जन्मभर, आणि जगात सरासरी निम्म्याहून थोडेच जास्त रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. हे त्यांनी मुलीच्या आईसमोरच सांगितलं, हळू आवाजात, पण काही न लपवता.

भाचीच्या तपासण्या आता सुरू झाल्या आहेत, नाव यादीत जाईल. दोघी बहिणींचं बोलणं मात्र अजून पूर्वीसारखं नाही. नाही म्हणायची वेळच आली नाही, तरी ताईंनी मनात नाही म्हटलं होतं, असं बहिणीला वाटतं. ताईंना आम्ही विचारलं, खरंच म्हटलं होतं का? त्या म्हणाल्या, "मलाच ठाऊक नाही."

निघताना त्यांनी डॉक्टरबाईंना एक तिसराच प्रश्न विचारला होता. तीस वर्षं चुलीपुढे बसले, माझं फुफ्फुस त्यांनी घेतलं तरी असतं का? डॉक्टरबाई म्हणाल्या, देणाऱ्याची आधी फुंकर मारून श्वासाची तपासणी करतात, त्यात दिसतं. तुमची कधी केलीय? ताईंची कधीच केलेली नव्हती. चढावर दम लागतो का, तर लागतो, पण तो वयानं असेल असं त्या म्हणाल्या. त्यांचं वय सत्तेचाळीस आहे. येत्या बुधवारी गटातल्या चौघींना घेऊन आम्ही त्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जातोय. सकाळची पहिली एसटी आहे.